निराशा अंगात कशी उतरते

निकालाची पीडीएफ उघडताना

पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीचा निकाल आला की पीडीएफ उघडण्याआधीच शरीर कामाला लागतं. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं, पोटात गोळा येतो. इथवर आशेची धडधड आणि भीतीची धडधड जवळपास सारखीच. फरक पडतो तो यादीत नंबर शोधून झाल्यावर. सापडला तर मान वर जाते, अंगावर काटा येतो. नसला तर हातपाय गळतात, आवाज बसतो. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत, म्हणजे भावनेच्या शारीरिक खुणांत, रोमांच आणि स्वरभेद हे दोन्ही आहेत.

मुक्कामाला आलेली निराशा

एका निकालाचं दुःख सहसा ओसरतं. पण दोन-तीन प्रयत्न हुकले, वय वाढत चाललं, घरून पैसे मागवायची लाज वाटू लागली, की ताण उतरतच नाही. पहाटे चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. मेसच्या डब्यातली पोळी तशीच परत जाते. चाल मंदावते, खांदे पुढे झुकतात, श्वास वरवरचा होतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2013 साली 701 जणांना मानवाकृतीवर आपापल्या भावना रंगवायला सांगितल्या होत्या. आनंदात सगळं अंग जागं दिसलं. नैराश्यात हातपाय मंदावलेले.

अशा परीक्षार्थींपैकी कितीतरी जण डॉक्टरांकडे जातात ते डोकेदुखी, पाठदुखी, अ‍ॅसिडिटी घेऊन. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्यायलाच हवं, कारण थकवा त्यांमुळेही येतो. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दुखणं खरंच असतं.

गुरुजींचा उलटा रस्ता

दुखणं अंगात उतरतं, तर अंगातूनच मनाकडे जायचा रस्ता योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचा. ते 1937 साली पुण्यात आले आणि 2014 मध्ये निधन होईपर्यंत इथेच राहिले. लहानपणी क्षयाने पोखरलेली छाती त्यांनी आसनांनी उघडली होती. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत (स्थापना 1975) निराश माणसाला आधी मन मोकळं करायला सांगत नाहीत. छाती मोकळी करायला लावतात. खुर्चीवरून पाठ मागे सोडायची, किंवा पाठीखाली लोड घेऊन सेतुबंध करायचा. काखा उघड्या, डोळेही उघडे. खिन्न माणसाने डोळे मिटून फार वेळ पडून राहू नये, असा इथला दंडक.

बरगड्या फाकल्या की श्वास खोल जातो, आणि सावकाश उच्छ्वासाने व्हेगस नसेमार्फत हृदयाची गती उतरते. लॉस एंजेलिसमध्ये 2004 साली सौम्य नैराश्याच्या 28 तरुणांवर या पद्धतीचा पाच आठवडे प्रयोग झाला. वर्गात गेलेल्यांची लक्षणं घटली. प्रयोग लहान होता, म्हणून मी त्याला दिशा म्हणेन, पुरावा नव्हे.

आसन पुरत नाही तेव्हा

झोप, भूक आणि उठण्याची इच्छा दोन आठवडे गेलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. रूम-पार्टनरने अंघोळ सोडली, पुस्तकं वाटून टाकली, जगण्यात राम नाही म्हणू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.