दुआ
दुआ : इस्लाम धर्मातील ईश्वरयाचना. ‘हाक मारणे’ हा या अरबी शब्दाचा मूळ अर्थ. ⟶ नमाजाच्या वेळा, दिशा व क्रम ठरलेले असतात. दुआ मात्र केव्हाही, कोणत्याही भाषेत, मनातल्या मनातही करता येते. चिंता व विषाद यांनी ग्रासलेल्या भाविकास ती विशेष आधारभूत वाटते. कुराणाच्या २१ व्या अध्यायात माशाच्या उदरात सापडलेल्या यूनुस पैगंबरांची आर्त हाक आली आहे. १२ व्या अध्यायात पुत्रवियोगाने व्याकूळ झालेले याकूब पैगंबर आपले दुःख केवळ अल्लाहपाशी मांडतात. त्यामुळे शोक व्यक्त करणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असे मानले जात नाही. चिंता व शोक यांपासून आश्रय मागणारी मुहंमद पैगंबरांची दुआ बुखारी यांच्या हदीससंग्रहात आढळते. तथापि दुआ हा औषधोपचाराचा पर्याय नव्हे. औषध घेण्याचा उपदेशही हदीसमध्ये आहे. अबू झैद अल्-बल्खी (सु. ८५०–९३४) या विद्वानाने सकारण व अकारण असे विषादाचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यावर त्याने विचार व समुपदेश हे उपाय सुचविले. दुसऱ्याचे मूळ शरीरात मानून त्यावर शारीरिक उपचार आवश्यक ठरविले.