तो दगड कुणाला लागला?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या (2013) शेवटी नायक जब्या दगड भिरकावतो. दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो आणि पडदा काळा होतो. तो लागला कुणाला? जब्याची टिंगल करणाऱ्या पोराला, की इतका वेळ ती टिंगल बघत बसलेल्या आपल्याला? चित्रपटाच्या तत्त्वज्ञानाचा तास अशाच प्रश्नानं सुरू होतो.

दुसऱ्याची मानहानी खुर्चीत बसून बघणारे आपण कोण? कॅमेऱ्यानं टिपलं ते सगळं खरं का? आणि सिनेमा स्वतः विचार करू शकतो का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फँड्री’तच आहे. जब्याचं कुटुंब पकडू पाहत असलेलं डुक्कर तावडीत सापडणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या ताठ उभा राहतो, पाठोपाठ घरचेही. डुक्कर निसटून जातं. देशाचा मान आणि पोटाची गरज एका क्षणात समोरासमोर येतात, तेही एकाही शब्दाच्या संवादाशिवाय. इथे विचार दृश्यातच घडतो.

असं पाहणं शिकवता येतं, हे पुण्यानं दाखवून दिलं. प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. प्रा. सतीश बहादुर तिथे ‘पथेर पांचाली’ एकेक शॉट थांबवून समजावत. इन्स्टिट्यूटमध्येच शिकलेल्या अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर लिहिलेलं ‘तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक आजही या वाटेवरचा उत्तम सोबती आहे.

पण पुणे लांब आहे म्हणून जिंतूर तालुक्यातल्या येलदरीच्या विद्यार्थ्यानं थांबायचं कारण नाही. पूर्णेवरच्या धरणापाशी जावं, मोबाइल दगडावर टेकवावा आणि एक मिनिट न हलवता पाण्याचं चित्रण करावं. नंतर ते शांतपणे पाहावं. पहिल्या दहा सेकंदांत पाणी दिसतं. पुढे कंटाळा येतो, आणि त्याच्याही पुढे वेळ दिसू लागतो. मग स्वतःला विचारावं, चौकटीत काय आलं नाही? धरण आलं, आभाळ आलं. पाण्याखाली गेलेली शेतं आली नाहीत. ती दाखवायची कशी?

हा प्रश्न ज्याला रात्री झोपू देत नाही, त्याचा अभ्यास सुरू झाला आहे.