धुरानं पाऊस वाढतो की घटतो?

मैत्रिणींनो, इचलकरंजीच्या सायझिंग-प्रोसेसच्या चिमण्या, ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट, घरची चूल, रस्त्यावरची वाहनं, हा धूर आपण रोजच बघतो. पण या धुराचा पावसावर किती परिणाम होतो, याचं उत्तर शास्त्रज्ञांची हवामान मॉडेलं वेगवेगळं देतात. असं का होतं, ते समजून घेऊ.

हवामान मॉडेल म्हणजे संगणकावर मांडलेलं पृथ्वीचं गणित. ऊन, वारा, समुद्र, ढग सगळं त्यात धरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनंही असं मॉडेल तयार केलंय.

धुरातले काही बारीक कण ऊन परत फेकतात. मग जमीन कमी तापते आणि समुद्रावरून येणारे मोसमी वारे मंदावतात. काजळी मात्र ऊन शोषून हवाच तापवते. शिवाय कणांभोवती पाण्याचे थेंब जमतात. कण जास्त झाले की थेंब बारीक होतात, आणि बारीक थेंबांचा पाऊस पडायला वेळ लागतो. हे ढगातलं गणित सगळ्यात अवघड. प्रत्येक मॉडेल ते आपापल्या पद्धतीनं मांडतं. पाच जणींनी एकच चटणी केली तरी तिखट-मिठाचा अंदाज वेगळा, तसंच हे.

दुसरं कारण चौकोनांचं. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं. काही मॉडेलांत एक चौकोन शंभर-दोनशे किलोमीटरचा असतो. म्हणजे गगनबावड्याचा धो-धो पाऊस आणि शिरोळचा बेताचा पाऊस एकाच चौकोनात!

मग मॉडेलं खोटी का? नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालानुसार, १९५१ ते २०१५ मध्ये देशातला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. प्रदूषणाचे कण पाऊस कमी करतात, याकडे बरीच मॉडेलं बोट दाखवतात. फरक आहे तो 'किती' याचा. म्हणून "तीस वर्षांनी तुमच्याकडे इतकाच पाऊस पडणार" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर विचारा, "हे किती मॉडेलांचं मत?" त्या एका आकड्यावर विहिरीचं किंवा पिकाचं कर्ज ठरवू नका.

एक गोष्ट मात्र पक्की. कार्बन वायू शेकडो वर्षं हवेत राहतो, काजळी थोड्याच दिवसांत खाली बसते. म्हणजे आज धूर कमी केला, तर फरक लगेच दिसतो. छातीला तर नक्कीच. यंदा पाचट पेटवायचं नाही, सरीतच कुजवायचं, हा विषय पुढच्या बैठकीत घेऊया का?