'स्टँड बाय' की 'स्टँड क्लिअर'? दर्यावरच्या इंग्रजीतले छोटे शब्द



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे दोन महिने. जाळी दुरुस्त करायची, इंजिन खोलायचं, होडीला रंग द्यायचा. त्यातच रोज दहा मिनिटं काढून थोडं इंग्रजीही पक्कं करता येईल, म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, मासे काय इंग्रजी बोलतात? नाही बोलत. पण रात्री समोरून येणारं मालवाहू जहाज व्हीएचएफवर कोकणी-मराठी बोलत नाही. त्यावरचा अधिकारी कुठल्याही देशाचा असू शकतो, आणि त्याची आपली सामाईक भाषा एकच, मोडकंतोडकं इंग्रजी. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं बोटीवर नोकरीला जायच्या तयारीत असतात. त्यांनाही हे लागणारच.

आता गंमत बघा. आपल्याला मोठे शब्द अडत नाहीत. इंजिन, अँकर, पोर्ट, स्टारबोर्ड हे पोरासोरांनाही येतं. अडतात ते बाय, ऑफ, ऑन, आउट, अप हे चिमुकले शब्द. सगळा अर्थ तेच फिरवतात.

एकच 'स्टँड', पाच हुकूम

'स्टँड' म्हणजे उभं राहणं, हे शाळेत शिकलो. पण दर्यावर:

१. स्टँड बाय – तयार राहा, थांबा. 'स्टँड बाय ऑन चॅनल सिक्स्टीन' म्हणजे १६ नंबरवर कान लावून राहा. मदतीला आलेलं जहाज 'आय विल स्टँड बाय यू' म्हणालं, तर ते तुम्हाला सोडून जाणार नाही, जवळच थांबणार आहे.
२. स्टँड क्लिअर – बाजूला व्हा. दोर ताणलेला आहे, विंच फिरतोय, तिथून हटा.
३. स्टँड ऑफ – अंतर ठेवून राहा, जवळ येऊ नका.
४. स्टँड ऑन – आहे त्याच दिशेने, त्याच वेगाने चालत राहा. समुद्रातल्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन बोटींपैकी एकीने वाट द्यायची असते आणि दुसरीने 'स्टँड ऑन' करायचं असतं. मात्र वाट देणारी हलत नाहीये असं दिसलं, तर दुसरीनेही टक्कर टाळायची असते.
५. स्टँड डाउन – तयारी संपली, आता मोकळे.

'स्टँड बाय'चं शब्दाला शब्द लावून मराठी केलं तर 'बाजूला उभे राहा' असं होतं. आणि 'बाजूला हो' हा तर वेगळाच हुकूम, 'स्टँड क्लिअर'. एकात जागा सोडायची नाही, दुसऱ्यात लगेच सोडायची. डेकवर ही चूक बोटं तोडू शकते.

आपल्याकडेही हेच आहे की

इंग्रजी भाषाच विचित्र, असं म्हणू नका. 'पडणे' घ्या. 'तो घराबाहेर पडला' म्हणजे तो आपटला का? 'आजारी पडला', 'उपयोगी पडला', 'तोंडावर पडला', प्रत्येकात पडणं वेगळं. परक्या माणसाला हे शिकवताना आपल्याला घाम फुटेल. आपण मात्र कधी पाठ केलं नाही, कानावर पडून आलं. (हे बघा, परत 'पडून'!)

इंग्रजीचंही तसंच. क्रियापद आणि छोटा शब्द वेगळे करून अर्थ लावायचा नाही. दोघं मिळून एकच शब्द समजायचा.

एकाच जोडीचे दोन अर्थ

'पुट आउट टू सी' म्हणजे दर्यात निघाले. 'पुट आउट द फायर' म्हणजे आग विझवा.

'द लाइट वेंट ऑफ' म्हणजे दिवा गेला. पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजायला लागला! बंद झाला असं समजून कोणी झोपून राहिला तर पंचाईत.

'टेक ऑन फ्युएल' म्हणजे डिझेल भरून घेणं. 'वी आर टेकिंग ऑन वॉटर' असं संकटात कोणी ओरडला, तर तो पिण्याचं पाणी भरत नाहीये. त्याच्या बोटीत समुद्र शिरतोय.

अशा वेळी अर्थ कसा ओळखायचा? पुढे-मागे काय शब्द आहे आणि काय काम चाललंय, ते बघायचं.

एक नियम मात्र पाठच करा. 'इट', 'हिम', 'देम' असा शब्द आला की तो बहुतेक वेळा मध्ये बसतो. 'पुट इट आउट', 'पिक हिम अप', 'टर्न इट ऑफ'. 'पिक अप हिम' असं कोणी म्हणत नाही. पण 'रन इन्टू' (आदळणे) यासारख्या काही जोड्या फुटत नाहीत, तिथे 'इट' शेवटीच येतो.

अ‍ॅट, ऑन, इन

मराठीत 'वर', 'त', 'ला' शब्दाच्या मागे चिकटतात. इंग्रजीत ते पुढे येतात. ढोबळ हिशोब असा:

अ‍ॅट – एक ठिपका. अ‍ॅट द जेटी, अ‍ॅट फोर ओ'क्लॉक, अ‍ॅट अँकर.
ऑन – पृष्ठभाग किंवा वार. ऑन डेक, ऑन संडे.
इन – आतमध्ये, किंवा लांब काळ. इन द केबिन, इन जुलै.

ट्रॉलरला 'ऑन', कारण त्यावर चालता-फिरता येतं. छोट्या होडीला 'इन', कारण आपण तिच्या पोटात बसतो.

आणि एक सापळा. मराठीत आपण दोन वेगळे शब्द एकसारखेच 'ऑफ' लिहितो. 'वेस्ट ऑव्ह आग्वाद' यात दिशा कळते, आग्वादच्या पश्चिमेला. 'ऑफ आग्वाद' यात फक्त एवढंच, की आग्वादसमोर दर्यात कुठेतरी. शोधायला येणाऱ्याला दुसऱ्यावरून तुम्ही सापडणार नाही. म्हणून अंतर आणि दिशा दोन्ही सांगा. जीपीएस असेल तर सरळ आकडेच वाचा.

संकटात मात्र हे सगळं बाजूला ठेवा

छोटे शब्द घोळ घालतात हे मोठ्या जहाजवाल्यांनाही माहीत आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांसाठी ठरीव वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात एका गोष्टीला शक्यतो एकच वाक्य. आपण त्यातली तीन पाठ केली तरी पुष्कळ:

'आय अ‍ॅम सिंकिंग' – बोट बुडतेय.
'आय अ‍ॅम ऑन फायर' – बोटीला आग लागलीय.
'आय अ‍ॅम फ्लडिंग' – बोटीत पाणी शिरतंय.

यातला 'आय' म्हणजे तुम्ही नव्हे, तुमची बोट.

चॅनल १६ वर तीनदा 'मेडे', मग बोटीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं. शेवटी 'ओव्हर', म्हणजे माझं झालं, आता तू बोल. संभाषण संपलं की 'आउट'. सिनेमातलं 'ओव्हर अँड आउट' विसरा. बोल पण आणि संपलं पण, असं दोन्ही एकदम कसं होईल?

इंग्रजी अडलं तर गप्प बसू नका. आपल्या तटरक्षक दलाशी हिंदीत बोला. मोबाइलला रेंज असेल तर १५५४ हा त्यांचा बचावकार्याचा नंबर आहे. तांडेलच नाही, बोटीवरच्या प्रत्येक खलाशाला तो पाठ पाहिजे.

वरचे पाच 'स्टँड' आणि तीन वाक्यं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा, प्लॅस्टिकमध्ये घाला आणि केबिनमध्ये सेटजवळ लावा. घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर त्यांच्याकडून वदवून घ्या, त्यांचाही अभ्यास होईल.

सुखरूप जा, सुखरूप या.