‘ऑल्ड लँग साइन’ : निरोपाचे गीत की पुनर्भेटीचे?

रॉबर्ट बर्न्स (१७५९-१७९६) या स्कॉटिश कवीच्या नावाशी निगडित असलेले ‘ऑल्ड लँग साइन’ हे गीत जगभर निरोपगीत म्हणून ओळखले जाते. तथापि त्याच्या संहितेत कोणीही कोणाचा निरोप घेत नाही. संहितेचा आशय आणि परंपरेने तिला दिलेला अर्थ यांत असे अंतर का पडावे, हा प्रश्न मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा आहे.

शीर्षकातील ‘जुने’, ‘दीर्घ’ आणि ‘पूर्वी’ या अर्थांचे तीन स्कॉट्स शब्द मिळून ‘फार पूर्वीचे दिवस’ असा भाव व्यक्त करतात. जुने स्नेह विसरावेत काय, या प्रश्नाने गीताचा प्रारंभ होतो. पुढे दोन मित्र बालपणीच्या आठवणी जागवितात : टेकड्यांवरून केलेली भटकंती, वेचलेली रानफुले, ओढ्याच्या पाण्यात घालविलेला दिवस. त्यानंतर उभयतांमध्ये समुद्र पसरले. आता भेट झाली आहे, हात हातात दिला जातो आणि पेला उंचावला जातो. म्हणजे वियोग येथे घडून गेलेला आहे. गीताचा वर्तमानकाळ पुनर्भेटीचा आहे.

गीताचे कर्तृत्वही सरळ नाही. याच शीर्षकपदावर रचलेले एक गीत जेम्स वॉटसन यांच्या १७११ च्या संग्रहात आढळते. अ‍ॅलन रॅम्झी यांनीही त्यावर रचना केली होती. बर्न्सने डिसेंबर १७८८ मध्ये आपली संहिता मिसेस डनलॉप यांना पत्रातून पाठविली. १७९३ मध्ये संपादक जॉर्ज थॉमसन यांना लिहिताना त्याने ती एका वृद्धाच्या तोंडून उतरवून घेतल्याचे सांगितले. बालपणीच्या आठवणींची कडवी मात्र बर्न्सची स्वतःची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. संकलक कोठे थांबतो आणि कवी कोठे सुरू होतो, हे येथे निश्चित सांगता येत नाही. स्वतःचे कर्तृत्व परंपरेच्या स्वाधीन करण्याची ही वृत्तीच गीताला समूहाचे गीत होऊ देते.

जेम्स जॉन्सन यांच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या संग्रहात हे गीत १७९६ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु निराळ्या चालीवर. ती चाल सामान्य असल्याचे मत खुद्द बर्न्सने नोंदविले होते. आजची परिचित चाल थॉमसन यांनी १७९९ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर, जोडली. ती पाच स्वरांची आहे. भारतीय परिभाषेत भूप रागाचे स्वर. या साधेपणामुळे ती सहज देशांतर करू शकली. जपानमध्ये १८८१ च्या शालेय गीतसंग्रहापासून ती निराळ्या शब्दांसह रूढ झाली आणि शाळेच्या निरोपसमारंभाशी जोडली गेली.

अर्थांतराचे दुसरे कारण विधी हे होय. शेवटच्या कडव्यात हात देण्याचा उल्लेख येतो. त्या वेळी वर्तुळात उभे राहून हातांची कैची करून शेजाऱ्यांचे हात धरण्याची प्रथा पडली. एम. जे. ग्रँट यांनी २०२१ च्या आपल्या ग्रंथात या प्रथेचा संबंध फ्रीमेसन मंडळींच्या समारोपविधीशी जोडला आहे. बर्न्सही फ्रीमेसन होता. समारोपाला गायिले जाणारे गीत समारोपाचे ठरले. स्कॉट्स शब्द दुर्बोध होत गेले, तसतसा अर्थ शब्दांकडून प्रसंगाकडे सरकला. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात छात्र याच सुरांवर संथ पावले टाकीत बाहेर पडतात. तेथे तर शब्दांची गरजही उरत नाही.

याउलट रवींद्रनाथ टागोरांनी याच चालीवर बांधलेल्या ‘पुरानो सेइ दिनेर कथा’ या गीतात सकाळी वेचलेली फुले, मधला विरह आणि पुन्हा झालेली भेट हा मूळ क्रम टिकून आहे. त्यांनी केवळ चाल उचलली नाही. त्यांनी संहिताही वाचली होती. लोकगीताचा अर्थ त्याच्या उपयोगावरून ठरवावा, हे सूत्र म्हणूनच अपुरे ठरते. उपयोगामुळे गीत जगते हे खरे. परंतु त्याने काय झाकले जाते, हे पाहण्यासाठी संहितेकडेच परतावे लागते.