लुटुपुटूची लढाई, नाव 'कोकण'!

दोस्तांनो, बेलापूर, पनवेल, उरण हा सगळा कोकणचाच भाग, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण 'कोकण' हे एका लढाईचंही नाव आहे! लुटुपुटूच्या, बरं का. भारत आणि ब्रिटनची नौदलं २००४ पासून हा सराव करतात. एकमेकांच्या जहाजांवर हेलिकॉप्टर उतरवायचं, दडलेली पाणबुडी दोघांनी मिळून हुडकायची.

गंमत पाहा, १७२१ मध्ये याच इंग्रजांनी पोर्तुगीजांना सोबत घेऊन कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला होता. तो सपशेल फसला!

सराव म्हणजे नुसती कवायत नव्हे, देशांची ती बोलायची रीतच. अमेरिकेबरोबरचा 'मलबार' सराव १९९२ मध्ये सुरू झाला. १९९८ मध्ये आपण पोखरणला अणुचाचण्या केल्या. अमेरिका रागावली, सराव बंद. अगदी गट्टी फू! २००२ मध्ये पुन्हा गट्टी जमली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं ना, त्याच आठवड्यात आपली 'विक्रांत' आणि ब्रिटनची 'प्रिन्स ऑफ वेल्स' या विमानवाहू नौका पश्चिम किनाऱ्याजवळ 'कोकण' सरावात होत्या. आणि ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर? ते पाहुणे म्हणून मुंबईत!