मोटारीचा आरसा

आरसा कधी खोटे बोलत नाही, असे वर्गात मुलांना मी वीस वर्षे सांगत आलो. गेल्या आषाढात पुण्याच्या कर्वे रस्त्यावर मात्र माझी चांगलीच फजिती झाली.

मला डावीकडे वळायचे होते. डाव्या आरशात, पावसाच्या थेंबांतून, एक सायकलवाला दिसला. अंगठ्याएवढा, बराच लांब. मी चाक वळवले मात्र, शेजारून सौभाग्यवती ओरडल्या, "अहो, थांबा!" सायकल मागच्या दाराशीच होती! पोराने पाय टेकला, माझ्याकडे नुसते पाहिले आणि निघून गेला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले. ते हसले. "अहो, बाहेरचा तो आरसा बहिर्वक्र, पोट पुढे आलेला! रस्ता अधिक दाखवतो, पण वस्तू लहान करून. आणि लहान दिसले की आपण लांब समजतो. काचेवरचा आतला आरसा सपाट, त्यातले अंतर बरेचसे खरे. शिवाय गाडीच्या बगलेतली थोडी जागा कुठल्याच आरशात सापडत नाही. तिथे मान वळवायची."

त्यांनीच आणखी एक गंमत सांगितली. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंनी मोटार हाकणाऱ्या स्त्रियांना सल्ला दिला होता, की जवळ हातआरसा ठेवावा आणि मधूनमधून वर धरून मागचा रस्ता पाहावा.

हे घरी सांगायला नको होते. हल्ली वळण आले की माझ्याआधी सौभाग्यवतींची मान वळते.